आव

एकोणीस वर्षं मी सॅल्मन धुतले
क्लाक्सविकच्या बंदरावर, पट्ट्याच्या तिसऱ्या जागी.
हातमोज्यांवरची बुळबुळ गरम पाण्यानं चिकटते,
गार पाण्यानंच सुटते,
हे मला कुणी शिकवलं नाही.
म्हातारा यूस्ट एवढंच म्हणायचा:
ज्याच्या अंगाला बुळबुळ नाही तो मासा बाजूला काढ.
त्याला काहीतरी झालंय.

मग मला काहीतरी झालं.

तोर्शहाव्नला गाठ काढली, वीतभर आतडं गेलं.
टोकं जोडली, आणि शिवण धरेपर्यंत
रस्ता वरच्या वर वळवला.
पोटाच्या उजव्या अंगाला अर्ध्या टोमॅटोएवढं
लाल, ओलं तोंड. त्यावर पिशवी.
जेवलेलं सगळं तिथूनच बाहेर.
खालचं मीटरभर आतडं
कामावरून काढलेलं,
पण घरी न पाठवलेलं.

नवव्या दिवशी पहाटे मला लागली.
लागायचं काही कारणच नव्हतं.
बसले, तर पडलं ते
कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, तारेला लोंबणारं.
मी घाबरून बेल दाबून धरली.

सोलरुन आली. नर्स, आणि मावसबहिणीची शेजारीण;
या बेटांवर सगळेच कुणाचे तरी शेजारी.
वाकून पाहिलं तिनं, मी मासा बघते तसं.
"आव आहे. आतडं करतंच.
वरून आता काही यायचं नाही
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही ना."

दुपारी भावाचा फोन आला.
बरी आहे म्हटलं, अगदी बरी.
मी आव आणत होते,
आतडं आव टाकत होतं.
दोघांत खोटं कोण, ते उघडच होतं.

तायतुर नावाचा एक पोरगा यायचा, बर्फाचा डबा घेऊन.
त्यानं सांगितलं, त्या अस्तरात वस्ती असते,
माणसांच्या आकड्यात न मावणारी.
तुम्ही राईची भाकरी खायचात, ते त्यावर जगायचे.
आता काही उपासानं गेले.
काही उरले, ते अस्तरच खातात.
"आणि आतडं?"
"करतंय अजून. पातळ होत चाललंय, पण करतंय."

मला त्र्याण्णव साल आठवलं.
कारखान्याला कुलूप, बोटी दोराला बांधलेल्या,
आणि वडील रोज सकाळी सहाला
सुऱ्यांना धार लावत बसलेले.
आई फळ्यांच्या खोपीतलं वाळवलेलं मेंढीचं मांस
दिवसेंदिवस पातळ कापत गेली.
मार्चमध्ये नुसते आकडे लोंबत होते.
वडील धार लावत होते.
आम्ही पोरं हसायचो त्यांना.

तायतुरला हे सांगितलं नाही.
माझ्या दोन टोकांचे दोन नमुने,
एक कामावरचं, एक बेकार,
बोटभर अंतरावरचे सख्खे,
विमानानं डेन्मार्कला गेले.
निकाल रुग्णाला कळवला जाणार नाही,
असं कागदावर आहे. खाली सही माझी.

चार महिन्यांनी रस्ता पुन्हा जोडला.
डॉक्टर रोज एकच विचारायचे:
वारा सरला का?
नाही.
बाहेर उत्तरेचं वादळ, फेरी बंद, बोगद्यापाशी गाड्या अडकलेल्या,
खिडकीची काच रात्रभर थरथरत होती.
साऱ्या देशात वारा,
फक्त माझ्या पोटात नाही.

तिसऱ्या रात्री, अडीच वाजता,
एक बारीकसा, ओला, संकोचलेला आवाज.
मी हललेच नाही.
कुणीतरी फार दिवसांनी दार किलकिलं करून
घरात कुणी आहे का, ते बघत होतं.

मग बेल वाजवली.
सोलरुन धावत आली, काय झालं, काय झालं,
आणि मला हसू आवरेना,
टाके दुखत होते तरी.